कमलच्या मानेले लावलेला पाय

माहं माहेर नांदुऱ्याकडचं, अन् मी जन्मली तीच उलटी, म्हणजे पाय पहिले अन् डोकं मागून. पायाळू. तुम्हाले माहीत असन नसन, पण आमच्याकडे पायाळू लेकरू झालं की घरात भेवही असते अन् मोठेपणाही असते. भेव याचं की पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की माय मले घरात ओढे अन् दार लावून घे. अन् मोठेपणा याचा की पायाळूचा पाय लागला की उसण उतरते. उसण म्हणजे पाठीत चमक भरते ते, कंबर धरते ते, रात्री वाकडंतिकडं झोपलं अन् सकाळी मान इकडची तिकडे होत नाही ते. सकाळी काही न खातापिता दुखणाऱ्यानं उंबरठ्याजवळ पालथं पडायचं, पायाळूनं डाव्या पायाचा अंगठा अन् मंग तळवा दुखऱ्या जागेवरून हळूच फिरवायचा, बोलायचं नाही, बदल्यात काही घ्यायचं नाही. एवढंच, दुसरं काही नाही त्याच्यात.

मी फ्राॅकात होती तवापासून बाप मले दंडाले धरून उभी करे अन् गावातले म्हातारे, ज्याईच्या मी पाया पडाव, ते माह्या पायाखाली पालथे पडत अन् उठून मलेच हात जोडत. काय सांगू तुम्हाले, लहान लेकराले ते काय होते! मी दिसाले साधी, शाळेत ढ, बोलणं तर मले आजही जमत नाही, घरात चार बहिणींत कोणी मले हाक मारून काही विचारलं असं आठवत नाही. पण कोणाची मान धरली की माही हाक व्हायची. माह्यात चांगलं म्हणावं असा तो एक पायच होता.

लग्नही पायानंच जमलं म्हणा. सासर इकडं, जळगाव जामोदच्या वाटेवरचं हे गाव. सासूनं ऐकलं पोरगी पायाळू आहे, म्हणे बाकी काही पाहाचं नाही, पक्कं करा. वावर होतं, कपाशी, तूर, हरभरा, खायची ददात नव्हती. दुःख होतं ते पाण्याचं. हा सगळा खारपाणपट्टा आहे, घरामागं विहीर होती पण पाणी खारट, त्याच्यात डाळ शिजत नाही, साबण फेसत नाही, तोंडात घेतलं तर थुंकून द्यावं लागते. प्यायचं गोड पाणी नाल्यापल्याडच्या एका विहिरीवरून आणावं लागे. डोक्यावर फडक्याची चुंबळ, चुंबळीवर पाण्याचा गुंड, गुंडावर दुसरा गुंड, अन् नाल्याची चढण. सकाळी चार खेपा झाल्याशिवाय घरात चूल पेटत नव्हती.

मी आली अन् महिन्याभरातच लोकाईले समजलं की पाटलाच्या वाड्यामागं पायाळू सून आली. सकाळी सकाळी माणसं दारात. सासूले लय आवडे ते. म्हणे, मोठ्या सुनेनं सकाळी घरीच राहावं, आलेला माणूस उपाशीपोटी ताटकळत बसला तर बरं दिसत नाही. पाण्यावर मंग सासू जाये, नणंद जाये. नणंद लग्न होऊन गेली अन् माह्या लहान दिराची बायको आली, कमल. मलकापूरकडची. उंच, हडकुळी, अन् तोंडाची अशी मोकळी की आमच्या सासऱ्यासारखा माणूस तिच्या बोलण्यावर मिशीत हसे. पाण्याचं सगळं तिच्यावर आलं. कोणी ठरवलं नाही, तिनंही विचारलं नाही. एकदा गुंड उतरवता उतरवता म्हणे, बाई, देवानं वाटणी बराबर केली पाहा, तुमचा पाय लोकाईसाठी अन् माही मान गुंडासाठी. अन् खदखदा हसली. मी बी हसली. चहा ठेवला तिच्यासाठी.

मी तिच्याशी वाईट वागली असं गावात कोणी म्हणणार नाही. तिच्या बाळंतपणात मीच सगळं केलं. तिची पोरगी, पूजा, तिले मी मांडीवर वाढवलं, मले लेकरू नाही झालं म्हणून जास्तच. हे सांगते कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणसान का ही बाई मुळातच खराब. तसं नव्हतं. तसं असतं तर मले आज सोपं गेलं असतं.

वर्षं गेली, पूजा शाळेत जाऊ लागली, अन् कमलची मान दुखाले लागली. पहिले पहिले साधंच होतं. सकाळी उठली की मान आखडलेली, कोणी हाक मारली तर अख्खी वळून पाहे. मी पाय लावला, चार-आठ दिवसांत उतरलं. कापूस वेचाईच्या दिवसांत पुन्हा धरलं, पाण्याच्या गुंडावर आता वावरातून कापसाचं गाठोडंही डोक्यावर यायचं ना. पुन्हा पाय लावला, पुन्हा उतरलं. मंग उतरायचं थांबलं. मान दुखे ते खांद्यात गेलं, खांद्यातून दंडात. म्हणे, बाई, बोटाईले मुंग्या येऊन राह्यल्या, झोपेत हात बधिर होते. मी म्हटलं, हातावर झोपत असशीन. मंग पोलक्याचे हुक लागेनात तिले. पूजाले म्हणे, लाव बापा, तुह्या आईची बोटं म्हातारी झाली. हातातून वाटी पडे, पडली की सासू खेकसे, अन् कमल म्हणे, वाटीलेच माहा हात आवडत नाही आताशी.

अन् एक दिवस ती पाणी घेऊन आली तर एका पायात चप्पल नव्हती. तिले माहीतच नव्हतं. चप्पल नाल्याच्या चढणीवर पडली होती, पायातून निसटली अन् पायाले समजलं नाही. ती चप्पल मी जाऊन उचलून आणली. मी आणली. हातात घेऊन मी त्या चढणीवर उभी होती अन् मले वाटलं, हे उसणीचं नाही. एवढं मले तवाच समजलं होतं. मी घरी आली, चप्पल तिच्यापुढं टाकली अन् काही बोलली नाही.

दीर साधा माणूस, पण तोही म्हणाला, वहिनी, खामगावले नेऊन दाखवतो हिले. मी म्हटलं, काऊन? उसण आहे, जुनी झाली म्हणून चिवट झाली, माह्या पायानं उतरन. दवाखान्यात नेलं तर सुया टोचतीन अन् झोपवून ठेवतीन. सासूनं मान डोलावली. दीर वावरात निघून गेला. माह्या पायावर घरात कोण बोलणार? तालुक्यातून माणसं येत होती.

मी तसं काऊन म्हटलं ते आजवर कोणाले सांगितलं नाही, माह्या मालकालेही नाही. एक तर घरच्याच माणसाची मान उतरत नाही अन् दवाखान्यात न्यावी लागली हे समजलं असतं तर दारात येणारी माणसं हसली असती. अन् दुसरं, अन् हे दुसरंच खरं, डाॅक्टरनं सांगितलं असतं का ओझं उचलू नका. मंग पाणी कोण आणन? सासू थकली होती. मीच उरली होती. मले त्या नाल्याच्या चढणीचं भेव वाटे. इतकी वर्षं मी गुंड डोक्यावर घेतला नव्हता, मले वाटे लोक पाहतीन, म्हणतीन का आता पायाळूचं संपलं, लागली पाण्याले. बस. एवढ्यासाठी.

मंग तो दिवस. नांदुऱ्याकडून जीप करून एक घर आलं होतं, त्याईच्या म्हाताऱ्याची मान धरली होती. अंगणात सगळे बसलेले. मी म्हाताऱ्याले पाय लावला, तो उठून बसला, म्हणे हलकं वाटते बाप्पा. तेवढ्यात कमल चहा घेऊन आली अन् ताट तिच्या हातातून सुटलं. कपबशा फुटल्या, चहा सगळा अंगणात. कोणी काही म्हणायच्या आधी तीच हसत म्हणाली, पाहा ना बाई, तुमच्या पायानं जीपीतून आलेल्याचं उतरते, अन् माहं घरच्या घरी उतरत नाही. म्हाताऱ्याची बायको म्हणे, हाव, घरची मान सोडून गावभर पाय वाटून राह्यली काय बाई? अन् सगळे हसले. वाईटपणानं नाही हसले, साधं हसले. पण मले हसणं कधी सहन झालं नाही, लहानपणापासून नाही.

ते गेले. मी कमलले म्हटलं, ये, पड. ती म्हणे, बाई, आता? चहा झाला माहा, उपाशीपोटी नाही मी. मी म्हटलं, पड म्हटलं ना. ती पडली पालथी, केस बाजूले घेतले, मान मोकळी केली माह्या पायासाठी. अन् मी पाय फिरवला नाही. टाच ठेवली अन् जोर दिला. अंगातला सगळा राग टाचेत आणून दाबला, झटक्यानं. एकदाच. ती नुसतं हं म्हणाली. ओरडली असती तर मी भानावर आली असती. मंग जरा वेळानं उठली, म्हणे, आज लागलं वाटते बराबर.

संध्याकाळी तिले उजव्या हातानं भाकर मोडता येईना. दुसऱ्या दिवशी उठून उभी राह्यली तर पाय दुमडला अन् खाली बसली. तेव्हा कोणी मले विचारलं नाही, दिरानं गाडी बोलावली, खामगावहून सरळ अकोल्याले नेलं.

तिथं डाॅक्टरनं फोटो काढले, मशीनमधी घालून मोठे फोटो. म्हणे, मानेच्या मणक्याईतून नसांची दोरी खाली जाते, हिची जागा घासून घासून अरुंद झाली अन् दोरी चेपून गेली. किती दिवसांपासून हाताले मुंग्या? चालताना पाय अडखळे का? चप्पल निसटे का? दीर म्हणे माहीत नाही. कमल म्हणे, एकदा निसटली होती. मंग डाॅक्टर म्हणे, एवढे दिवस काऊन थांबले तुम्ही? कोणी माह्याकडे पाह्यलं नाही. मंग त्यानं विचारलं, मानेले कोणी झटका दिला का, मालिश करताना मोडली बिडली का, कोणी दाबली का? मी खाटेच्या पायथ्याशी उभी. कमलच्या गळ्याले पट्टा, डोळे वर छताकडे. ती म्हणे, नाही डाॅक्टरसायब, पडली बी नाही मी, आमच्या बाईनं नुसता पाय लावला.

नुसता म्हणाली ती.

ऑपरेशन झालं. हात पुरा आला नाही, आजही त्या हातानं तिले चमचा धरता येत नाही नीट. काठीनं चालते. अन् मान वळत नाही, आतमधी पट्टी बसवली आहे. मी डाॅक्टरले मागून एकटीनं जाऊन विचारलं, कोणी जोरात दाबलं असतं तर असं झालं असतं का? तो घाईत होता. म्हणे, हे आधीपासून चालू होतं, लवकर आले असते तर एवढं झालं नसतं, अन् अशा मानेले झटका दिला तर काहीही होऊ शकते, पण आता ते कोण सांगन. तेव्हापासून मी त्याच वाक्यात राहते. माह्या टाचेनं झालं का उशिरानं झालं, मले माहीत नाही, माहीत होणारही नाही. पण उशीर बी माहाच होता.

तिथं कसरत शिकवणारी एक पोरगी होती, फिजिओवाली. तिनं मले सगळं शिकवलं. साधी मान आखडली तर बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपोआप सुटते, म्हणे. गरम पाण्याची पिशवी शेकायची, उशी पातळ घ्यायची, मान दुखल्याशिवाय जेवढी वळन तेवढीच हळूहळू वळवायची, पार निजून राहाचं नाही, अन् झटका कधी द्यायचा नाही. मी ऐकून राह्यली अन् मले समजून राह्यलं का जे लोक माह्या पायानं बरे होत, ते दिवसानं बरे होत होते. एवढ्या वर्षांचे ते हात जोडणारे म्हातारे. माही सासू मरेपर्यंत सांगत होती, माह्या सुनेच्या पायाले गुण आहे.

मंग मी कमलचं सगळं केलं. केस विंचरणं, पोलकं घालून देणं, शेकणं, कसरत. पाणी बी मीच आणलं, नळ येईपर्यंत. चढणीवर लोकाईनं पाह्यलं मले, कोणी काही म्हणालं नाही, उलट म्हणत, जाऊ असावी तर अशी. कमल बी म्हणे. लोकाईपुढं म्हणे, बाई नसती तर मी कवाचीच गेली असती. मी खाली पाहे. लोकाईले वाटे मोठेपणा नाही हिले.

लोक अजूनही येतात पायासाठी. मी पाय लावत नाही. वातानं अंग दुखते, पाय उचलत नाही असं सांगते, खोटं. मंग त्याईले बसवते, विचारते, हाताले मुंग्या येतात का, हातातून वस्तू पडते का, चालताना तोल जाते का, चप्पल पायातून निसटते का, ताप आहे का. यातलं काही हाव म्हटलं तर म्हणते, इथं थांबू नका, आजच दवाखान्यात जा. नाही म्हटलं तर शेकाले सांगते. काही लोक रागवून जातात, म्हणतात बाई माजली.

आता मागल्या महिन्याची गोष्ट. पूजा आता मोठी झाली, घरीच शिवणकाम करते, दिवसभर मशीनवर वाकून, अन् उरलेल्या वेळात मोबाईलवर वाकून. सकाळी उठली तर मान एका बाजूले वाकडी. रडवेली झाली. कमल खाटेवर बसून म्हणे, रडतं काऊन व येडे, मोठ्या आईचा पाय लावून घे, बाहेरच्याले नाही म्हणते ती, तुले नाही म्हणणार नाही. अन् ती पोरगी उंबरठ्याजवळ पालथी पडली. केस बाजूले घेतले. मान मोकळी केली.

मी उभी राह्यली. माह्या पायाले घाम फुटला, खरं सांगते. मी म्हटलं, उठ. ती म्हणे, काऊन मोठी आई? मी तिले उठवून बसवली, विचारलं मुंग्या येतात का, हात बधिर होते का. म्हणे नाही, नुसती मान वळत नाही. मी गरम पिशवी आणून दिली. मशीनसमोर उंच बस, घडीघडी उठत जा, मोबाईल डोळ्यापुढं धर म्हटलं. कमल म्हणे, अव बाई, लावा ना पाय, एवढं काय करून राह्यल्या?

अन् माह्या तोंडून निघालं. कसं निघालं माहीत नाही. मी खाली बसली अन् सगळं सांगितलं. टाचेचं सांगितलं. चप्पल पाह्यली होती अन् मले समजलं होतं तेही सांगितलं. दिराले काऊन अडवलं तेही. पूजा पिशवी हातात धरून पाहत राह्यली. कमलनं काठी जवळ ओढून घेतली. मले वाटलं ती त्या झटक्याचं विचारन. मी त्याचीच तयारी केली होती एवढी वर्षं, का ती विचारन, बाई, तुम्ही जोर दिला का, अन् मी म्हणीन, हाव.

ती म्हणाली, पाण्यासाठी?

मी म्हटलं, हाव.

म्हणे, राग आला असन, पाय जोरात पडला असन, ते एक घडीचं. पण गुंड उचलाव लागन म्हणून तुम्ही रोज मले पाठवलं? रोज सकाळी? माह्या हाताले मुंग्या येत होत्या ते माहीत असून चुंबळ तुम्हीच देत होत्या ना माह्या हातात?

देत होती. चुंबळ मीच देत होती.

तिले तोंड फिरवून घ्यायचं होतं, पण तिची मान वळत नाही. मंग ती काठी टेकून, खाटेवर हात ठेवून, कमरेतून, पायातून, अख्खी फिरली भिंतीकडे. वेळ लागला तिले. मी धराले पुढं झाली तर म्हणे, राहू द्या.

तेव्हापासून ती माह्याशी बोलत नाही. भांडत बी नाही. मी केलेलं जेवते, पण पूजानं नेऊन दिलं तर. दिराले तिनं सांगितलं का नाही मले माहीत नाही, तो पहिल्यासारखाच वहिनी म्हणते. केस आता पूजा विंचरते, कसरत बी पूजा करून देते. त्या पोरीले सवय नाही, घाई करते. सकाळी मी इकडं चुलीपाशी असते अन् भिंतीच्या पलीकडून ऐकू येते, कमल म्हणते, हळू, पोरी, घाई नाही, दुखलं की थांबाचं. हे सगळं मी तिले अकोल्याहून शिकून आल्यावर म्हणत असो तेच. ती माहं नाव घेत नाही. मी उठून सांगाले जात नाही का हात थोडा खाली धर म्हणून. पोरीचा हात हलका आहे, शिकन ती. देवानं तो तसाच हलका ठेवावा, अन् कमलले आज रात्री नीट झोप लागो. माह्यासाठी काही मागत नाही मी, मागाले तोंड नाही.